कॉलरा माणसाला नेमका मारतो कसा? ७५ वर्षं अडलेलं हे कोडं कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सोडवलं

आपल्याकडे बऱ्याच गावांच्या वेशीवर मरीआईचं देऊळ असतं. आजच्या पोरांना त्या देवळाचा आणि कॉलऱ्याचा काय संबंध हे कळणार नाही, पण आजी-पणजीला विचारा. गावात पटकीची साथ आली की लोक मरीआईला साकडं घालायचे. देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचे, म्हणजे साथही गावाबाहेर जाईल अशी श्रद्धा.

पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी आडवा व्हायचा आणि रात्री त्याला पोचवायला लागायचं. ना धड ताप, ना जखम. फक्त जुलाब आणि उलट्या. तेही तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी. बघता बघता डोळे खोल जायचे, कातडी सुरकुतायची, आवाज बसायचा आणि खेळ संपायचा.

१८१७ साली बंगालमधून निघालेली साथ दूरदूरच्या देशांत पसरली आणि तेव्हापासून कॉलऱ्यानं कित्येक लाख माणसं खाल्ली. हा आजार दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवून दिलं. तो एका जंतूमुळं होतो हे जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली सांगितलं.

पण एक प्रश्न राहिलाच होता. हा एवढासा जंतू माणसाच्या पोटात जाऊन असं करतो तरी काय, की अंगातलं सगळं पाणी बाहेर पडतं?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला १९५९ साल उजाडलं. ते उत्तर ना लंडनमधून आलं, ना बर्लिनमधून. ते आलं कलकत्त्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजातून. शोधणाऱ्याचं नाव होतं डॉ. शंभुनाथ डे.

नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या हयातीत त्यांच्या देशातल्या विज्ञान संस्थांनीही त्यांची फारशी दखल घेतली नव्हती.

हुगळीच्या काठचं पोरगं

शंभुनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा. गाव पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातलं गरीबाटी. वडील दाशरथी डे यांचा छोटासा धंदा होता, पण तो काही नीट चालला नाही. घरची परिस्थिती बेताचीच. घरात शिकलेलं माणूस म्हणजे काका आशुतोष. पुतण्यानं शिकावं हा ध्यास त्यांचाच.

पोरगं हुशार निघालं. गावच्या शाळेतून मॅट्रिक चांगल्या गुणांनी पास झालं, शिष्यवृत्ती मिळाली, मग हुगळी मोहसीन कॉलेज आणि तिथून थेट कलकत्ता मेडिकल कॉलेज. इथंही शिष्यवृत्ती होतीच, पण कलकत्त्यात राहायचं-खायचं कुठं हा प्रश्न होता. शहरातल्या एका भल्या माणसानं आपल्या घरात जागा दिली आणि शिक्षण पार पडलं.

१९३९ साली ते डॉक्टर झाले. १९४२ मध्ये उष्णकटिबंधातल्या आजारांचा डिप्लोमा घेतला. दवाखाना थाटून पैसे कमवायची वाट मोकळी होती, पण त्यांचा ओढा पॅथॉलॉजीकडे होता. म्हणजे आजारानं शरीरात आतून काय बिघडतं ते शोधायचं शास्त्र. कॉलेजातले नावाजलेले प्राध्यापक मणींद्रनाथ डे यांनी या तरुणातली चमक हेरली. पुढं त्यांचीच मुलगी तरुबाला हिच्याशी शंभुनाथांचं लग्न झालं.

हा काळ बंगालसाठी भयंकर होता. १९४३ चा दुष्काळ पडला आणि भुकेनं खंगलेल्या माणसांना कॉलऱ्यानं गाठलं. कलकत्त्याच्या डॉक्टरला कॉलरा पुस्तकात शोधावा लागत नव्हता. तो दर वर्षी दारात यायचा.

लंडनला गेले, पण परत आले

१९४७ साली देश स्वतंत्र होत होता, बंगालची फाळणी होत होती आणि शंभुनाथ डे लंडनला निघाले होते. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये सर रॉय कॅमेरॉन या मोठ्या पॅथॉलॉजिस्टच्या हाताखाली पीएचडी करायची संधी मिळाली होती.

तिथं त्यांनी ज्या विषयांवर काम केलं ते बघण्यासारखे आहेत. एक, फुप्फुसात पाणी का साचतं? दुसरा, मेंदूत पाणी का साचतं? शरीरातलं पाणी भलत्या ठिकाणी भलत्या वेळी का जातं हा प्रश्न त्यांच्या हातात तिथंच आला. प्राण्यांवर नेटके प्रयोग कसे करायचे आणि प्रत्येक प्रयोगाला तुलनेसाठी दुसरा प्रयोग कसा जोडायचा ही शिस्तही तिथंच लागली.

१९४९ मध्ये पीएचडी घेऊन ते परतले. आज नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणून ओळखलं जाणारं कॉलेज हे त्यांचं कामाचं ठिकाण झालं. १९५५ पासून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी आणि जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि १९७३ ला निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले.

लंडनहून आणलेलं शिक्षण त्यांनी लावलं कुठं? तर आपल्या शहराला छळणाऱ्या आजाराला.

घोळ नेमका कुठं होता?

आता थोडं मागं जाऊ, नाहीतर डे यांनी काय केलं हे कळणार नाही.

१८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यातच होते. तिथंच त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा तो वाकडा जंतू वेगळा काढला. त्याचं शास्त्रीय नाव व्हिब्रिओ कॉलरी. हा जंतू बहुतेक एखादं विष सोडत असावा असा अंदाजही कॉख यांनी मांडला होता. पण अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा.

पुरावा मिळवायचा तर आजार प्राण्यात घडवून बघावा लागतो. इथंच गाडी अडली. कॉलऱ्याचे जंतू मोठ्या वाढलेल्या प्राण्यांना नुसते पाजले तर त्यांना काहीच व्हायचं नाही.

मग संशोधकांनी दुसरी वाट धरली. जंतू मारून, फोडून त्यांचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचायचा. प्राणी मरायचे. त्यावरून निष्कर्ष निघाला की विष जंतूच्या अंगातच असतं आणि जंतू मेल्यावर ते बाहेर पडून रक्तातून शरीरभर पसरतं. अशा विषाला एन्डोटॉक्सिन म्हणतात. आणखी एक समजूत होती की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तरच सोलून निघतं आणि म्हणून पाणी गळतं.

अडचण एवढीच की असे टोचलेले प्राणी मरायचे खरे, पण त्यांना कॉलरा व्हायचा नाही. ते पांढुरके जुलाब कुठंच दिसायचे नाहीत. आजार एक आणि प्रयोग भलताच, असं जवळपास ७५ वर्षं चाललं.

डे यांनी कॉलऱ्यानं दगावलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं तपासली होती. अंगातलं पाणी संपल्यावर मूत्रपिंडाचे काय हाल होतात ते त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं त्यांच्या डोक्यात प्रश्न पक्का झाला. खरी गोष्ट आतड्यात घडते आहे, तर मग बघायचंही आतड्यातच.

दोन दोरे आणि एक ससा

१९५३ साली डे आणि त्यांचे सहकारी डी. एन. चटर्जी यांनी एक प्रयोग छापला. तो इतका साधा आहे की वाचल्यावर वाटतं, हे आधी कुणाला कसं जमवता आलं नाही?

त्यांनी सशाला भूल दिली. पोट उघडून लहान आतड्याचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी रेशमी दोऱ्यानं बांधला. तुकडा कापला नाही, त्याचा रक्तपुरवठा तसाच ठेवला. फक्त दोन गाठींमध्ये एक बंद कप्पा तयार केला. त्या कप्प्यात कॉलऱ्याचे जिवंत जंतू सोडले. शेजारच्या दुसऱ्या कप्प्यात जंतू नसलेलं नुसतं पोषक पाणी सोडलं. पोट शिवलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली.

दुसऱ्या दिवशी जंतूवाला कप्पा फुग्यासारखा टम्म फुगला होता. आत काय होतं? कॉलऱ्याच्या रुग्णाला होतात तसं पांढुरकं पाणी. शेजारचा कप्पा मात्र होता तसाच चपटा.

या एका प्रयोगानं बऱ्याच अडचणी एकदम निकालात निघाल्या. जंतू थेट आतड्यात सोडल्यानं पोटातल्या आम्लात ते मरायचा प्रश्न मिटला. आतड्याच्या हालचालीनं ते पुढं वाहून जायचा प्रश्न दोऱ्यांनी मिटवला. एकाच प्राण्यात खरा प्रयोग आणि तुलनेचा प्रयोग शेजारी शेजारी करता आला. मोजायला महागडं यंत्रही लागत नव्हतं. कप्प्यात किती पाणी जमलं ते मोजायचं, बस्स.

आतड्याचा कप्पा बांधायची ही पद्धत पुढं जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली आणि पोट बिघडवणाऱ्या कितीतरी जंतूंची परीक्षा याच पद्धतीनं झाली.

जंतू काढून टाकले तरी कप्पा भरला

आता खरा प्रश्न. कप्प्यात पाणी कशामुळं आलं? जिवंत जंतूंच्या वावरामुळं, की त्यांनी बाहेर सोडलेल्या एखाद्या पदार्थामुळं?

याची परीक्षा कशी करायची? डे यांनी कॉलऱ्याचे जंतू पोषक द्रवात वाढवले. मग तो द्रव अगदी बारीक गाळणीतून गाळला. जंतू गाळणीवर अडकले आणि खाली आला तो जंतू नसलेला स्वच्छ द्रव. तो त्यांनी सशाच्या आतड्याच्या कप्प्यात सोडला.

कप्पा भरला.

जंतू एकही नाही, तरी कॉलऱ्यासारखं पाणी साचलं. म्हणजे जंतू जिवंत असतानाच काहीतरी बाहेर सोडतात आणि तेच आतड्याला पाणी ओतायला लावतं. विष जंतूच्या अंगात दडलेलं नसतं, तो ते बाहेर टाकतो. अशा विषाला एक्झोटॉक्सिन म्हणतात. कॉख यांचा अंदाज ७५ वर्षांनी खरा ठरला आणि तोही कॉख यांनी जिथं जंतू वेगळा काढला त्याच शहरात.

डे यांनी हे काम 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकाला पाठवलं. ३० मे १९५९ च्या अंकात ते छापून आलं. लेख जेमतेम दोन पानांचा आणि लेखकाचं नाव एकच.

त्याच वर्षी परळमध्ये

इथं आपल्या मुंबईचाही भाग येतो आणि तो सहसा कुणी सांगत नाही.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता यांचा गट कॉलऱ्यावरच काम करत होता. १९५५ मध्ये दत्ता आणि हब्बू यांनी दाखवलं की मोठ्या सशाला कॉलरा होत नसला तरी सशाच्या अगदी लहान पिल्लांना तो करता येतो. मग १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी जंतूंपासून काढलेला अर्क वापरून पिल्लांमध्ये कॉलऱ्यासारखे जुलाब घडवून दाखवले.

म्हणजे एकाच वर्षी कलकत्ता आणि मुंबई अशा दोन शहरांतून, दोन वेगळ्या पद्धतींनी, एकाच दिशेचा पुरावा आला. तेव्हा स्वातंत्र्याला जेमतेम १२ वर्षं झाली होती.

जग मात्र शांत

आता तुम्हाला वाटेल, एवढा मोठा शोध म्हणजे टाळ्या, सत्कार, पदकं. पण तसं काहीच झालं नाही.

सुरुवातीची काही वर्षं डे यांच्या 'नेचर'मधल्या लेखाकडे फारसं कुणी बघितलंच नाही. लेखाचं शीर्षकही असं कोरडं होतं की वाचणाऱ्याला चटकन कळू नये की इथं ७५ वर्षांचं कोडं सुटलंय. शिवाय एन्डोटॉक्सिनवाली जुनी समजूत पक्की रुजलेली होती.

मग १९६१ साली इंडोनेशियातून कॉलऱ्याची नवी जागतिक साथ सुरू झाली आणि चक्रं फिरली. अमेरिकेनं कॉलरा संशोधनात पैसा ओतला. त्याच्या आदल्या वर्षीच ढाक्यात खास कॉलऱ्याची प्रयोगशाळा सुरू झाली होती. आता पुढचा टप्पा होता ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं काढण्याचा. त्यासाठी लागतात प्रथिनं वेगळी करायची आधुनिक यंत्रं, रसायनं आणि हाताखाली तयार माणसं. डे यांच्याकडे होतं एक मेडिकल कॉलेज, शिकवायचे तास, रोजचं पॅथॉलॉजीचं काम आणि ससे.

विष शुद्ध करायचा मान मिळाला अमेरिकेला. १९६९ मध्ये रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी ते वेगळं काढून दाखवलं. तोपर्यंत डे यांचं कॉलऱ्यावरचं काम मागं पडलं होतं. १९६१ मध्ये त्यांचं कॉलऱ्यावरचं पुस्तक एडिनबरातून प्रकाशित झालं आणि त्यानंतर ते हळूहळू या शर्यतीच्या बाहेर गेले.

शुद्ध विष हातात आल्यावर मात्र सगळ्यांना मागं वळून बघावं लागलं. या वाटेवरचं पहिलं पाऊल कुणाचं? तेव्हा कलकत्त्याचं नाव पुढं आलं.

हे विष करतं तरी काय?

डे यांनी उघडलेल्या दारातून पुढच्या पिढ्या आत शिरल्या आणि कॉलऱ्याची गोष्ट रेणूंच्या पातळीवर उलगडली. ती थोडक्यात समजून घेऊ.

कॉलऱ्याचं विष हे एक प्रथिन आहे. त्याचे दोन प्रकारचे भाग असतात. 'बी' प्रकारचे पाच भाग कड्यासारखे जोडलेले आणि त्यावर 'ए' हा एक भाग बसलेला. बी भागांचं काम आतड्याच्या पेशीला चिकटायचं. पेशीच्या पृष्ठभागावर जीएम-१ नावाचा एक रेणू असतो, त्याला ते घट्ट धरतात. मग ए भाग पेशीच्या आत शिरतो.

आपल्या पेशीत एक बटण असतं. ते चालू झालं की सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो आणि पेशी क्षार बाहेर सोडते. एरवी हे बटण थोडा वेळ चालू होतं आणि आपोआप बंद होतं. कॉलऱ्याचं विष ते बटण चालू स्थितीतच अडकवून ठेवतं. मग पेशी आतड्याच्या पोकळीत क्लोराइड ओतत राहते आणि क्षाराच्या मागोमाग पाणी जातं. नळ उघडा राहिला आणि त्याची चावीच जाम झाली असं समजा. रुग्णाच्या अंगातून दिवसाला १० ते २० लिटर पाणी जाऊ शकतं ते यामुळं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पेशी मरत नाहीत. आतड्याचं अस्तर सोलून निघत नाही. सगळं जागच्या जागी असतं, फक्त नळ उघडा असतो.

याचा अर्थ काय? रुग्णाला गेलेलं पाणी आणि क्षार परत दिले तर तो वाचतो. विषाचा अंमल ओसरेपर्यंत तग धरला की झालं.

मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे ओआरएस, डे यांनी शोधलं नाही. साखर आणि सोडियम आतड्यात एकत्र शोषले जातात हे वेगळ्या संशोधकांनी शोधलं आणि रुग्णांवरचे प्रयोग ढाका, कलकत्ता इथल्या डॉक्टरांनी केले. पण ज्या आतड्याला फाटकं समजलं जात होतं ते धड असतं, या समजुतीनंच ही वाट पक्की झाली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा बनगाव इथं डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं. त्यांनी पिंपात ओआरएस कालवून लोकांना प्यायला दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं.

पुढं आणखी एक गंमत कळली. हे विष बनवायची जनुकं मुळात जंतूची नाहीतच. जंतूला संसर्ग करणाऱ्या एका विषाणूनं ती त्याच्यात आणून ठेवली आहेत. हे १९९६ मध्ये मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी दाखवलं. आणि आज तोंडावाटे घ्यायची डुकोराल नावाची जी लस आहे, तिच्यात मेलेल्या जंतूंसोबत या विषाचा निरुपद्रवी बी भागही असतो. जी गोष्ट १९५९ मध्ये कलकत्त्याच्या गाळणीतून खाली पडली होती, तिचाच एक तुकडा आता लस म्हणून कामाला येतो.

दुसरा शोध, जो आणखीच विसरला गेला

१९५६ मध्ये डे यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत आणखी एक काम केलं होतं. हगवण लागलेल्या रुग्णांकडून त्यांनी ई-कोलाय नावाचे जंतू घेतले. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि सहसा काही करत नाही. पण यातले काही प्रकार डे यांनी सशाच्या कप्प्यात सोडले आणि कॉलऱ्यासारखाच कप्पा भरला.

म्हणजे साध्या वाटणाऱ्या ई-कोलायचे काही प्रकारही कॉलऱ्यासारखं विष सोडतात. आज गरीब देशांतल्या लहान मुलांच्या जुलाबाचं आणि प्रवासात बिघडणाऱ्या पोटाचं हे एक मोठं कारण मानलं जातं. जगाला याचं महत्त्व कळायला आणखी दहा-बारा वर्षं लागली.

स्टॉकहोमचं बोलावणं

जोशुआ लेडरबर्ग हे नाव जीवशास्त्रात फार मोठं. जंतूंच्या जनुकशास्त्रासाठी त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं होतं. या माणसानं डे यांचं नाव नोबेलसाठी एकदा नाही तर एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं होतं. हे लेडरबर्ग यांनीच नंतर नमूद केलं.

नोबेल काही मिळालं नाही. पण १९७८ मध्ये नोबेल फाउंडेशननं कॉलरा आणि जुलाबाच्या आजारांवर स्टॉकहोमला परिषद भरवली आणि तिचं आमंत्रण डे यांना आलं. तेव्हा ते निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. निवृत्तीनंतरही ते कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते.

त्या परिषदेत ते जे बोलले ते ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून संशोधक म्हणून आपण मेल्यातच जमा होतो आणि या परिषदेनं आपल्याला पुन्हा उकरून जिवंत केलं, अशा आशयाचं ते बोलले. तक्रारीचा सूर नव्हता, पण ज्यानं जगाला कॉलरा समजावून सांगितला त्यानं स्वतःबद्दल असं बोलावं हे ऐकायला बरं वाटत नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी वयाच्या ७० व्या वर्षी शंभुनाथ डे गेले. तोपर्यंत भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना सदस्य केलेलं नव्हतं. एकही मोठा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावावर नव्हता.

गेल्यावर मात्र लोक जागे झाले. वैज्ञानिक लेखांची मोजदाद करणारे अमेरिकेचे यूजीन गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये डे यांच्या कामावर खास लेख लिहिला आणि सुरुवातीला दुर्लक्षित राहिलेला १९५९ चा तो लेख कॉलरा संशोधनातला मैलाचा दगड कसा ठरला हे दाखवलं. १९९० मध्ये बंगळुरूहून निघणाऱ्या 'करंट सायन्स'नं त्यांच्यावर विशेषांक काढला.

मग यातून आपण काय घ्यायचं?

कॉलरा संपलाय असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी १३ ते ४० लाख लोकांना कॉलरा होतो आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार माणसं दगावतात. जिथं युद्ध, पूर किंवा दुष्काळ येतो आणि पिण्याचं पाणी बिघडतं, तिथं तो आजही पोचतो. फरक एवढाच की आता तो काय करतो ते आपल्याला माहीत आहे आणि वेळेत पाणी-क्षार मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात.

डे यांच्याकडे परदेशी प्रयोगशाळा नव्हती, मोठं अनुदान नव्हतं, मोठी टीम नव्हती. होता तो नीट विचारलेला प्रश्न. जंतू प्राण्याला मारतो का, हे विचारायचं सोडून तो आतड्यात काय करतो, हे त्यांनी विचारलं. तिथून पुढचं काम दोन दोरे आणि एका गाळणीनं केलं.

पण दोरे आणि गाळणीवर किती दिवस भागणार? पहिलं पाऊल कलकत्त्यात पडलं आणि पुढचं पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा यंत्रं दुसऱ्या देशात होती. साधनांशिवाय आमच्या माणसानं कसा शोध लावला हे आपण कौतुकानं सांगतो. ती साधनं त्याला मिळाली असती तर काय झालं असतं, हे मात्र आपण विचारत नाही.

पुढच्या वेळी घरात कुणाचं पोट बिघडलं आणि तुम्ही ग्लासभर पाण्यात ओआरएसची पुडी ओतलीत, तर एकदा आठवा. कॉलरा आतड्यात नेमकं काय करतो हे समजायला ७५ वर्षं लागली आणि ते कोडं सोडवणारा माणूस आपल्याच देशातल्या एका सरकारी कॉलेजात शिकवत होता. नाव, शंभुनाथ डे.